उपप्रश्न नाही

टेबलाचा निकाल काही लागत नव्हता. कपाटं, पलंग, शिवणयंत्र, आईची मोठी पातेली, सगळ्याची वाटणी फोनवरच उरकली होती आणि नवल म्हणजे कुणाचं कुणाशी वाजलं नव्हतं. घोडं अडलं ते जेवणाच्या टेबलाशी. अण्णा मंगळवारी हे घर सोडून मधल्या लेकीकडे राहायला जायचे होते. मधलीच्या घराचं दार एवढं अरुंद की टेबल तर सोडाच, तिचा नवराही त्यातून तिरका होऊन आत जातो, असं ती स्वतःच सांगायची. तेव्हा तिने आधीच अंग काढून घेतलं होतं. उरले दोघं. थोरलीला ते मंत्री म्हणून मिळालेल्या बंगल्यात न्यायचं होतं. धाकट्याला ते मतदारसंघातल्या कचेरीत हवं होतं. दोघंही हट्टी, दोघंही निवडून आलेले, आणि सभागृहातली बाकं समोरासमोरची. शेवटी अण्णांनी फर्मान काढलं, की रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं आणि काय भांडायचं ते त्याच टेबलावर बसून भांडायचं.

थोरलीने गाडी कोपऱ्यावरच सोडली आणि ती चालत आली. आरोग्यमंत्री झाल्यापासून या गल्लीत ती असंच करायची. पहिल्यांदा गाडी दारात आली तेव्हा आई गॅलरीतून ओरडली होती, "एवढी मोठी गाडी, आणि उतरलं कोण, तर ही!" आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी गाडी कोपऱ्यावरच थांबायची.

जिन्याच्या खिडकीशी ती सवयीने थबकली. इथून सभागृहाची मागची बाजू दिसते. लोकांना माहीत असतो तो पुढचा घुमट आणि रुंद पायऱ्या. या घरातल्या पोरांनी पाहिलं ते उपाहारगृहाचं धुराडं, वाळत घातलेले शिपायांचे डगले आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली. त्यातली एक अण्णांची असायची. ती सायकल दिसली की अण्णा अजून आत आहेत, आणि दिसेनाशी झाली की हात धुऊन टेबलावर बसायचं. आत्ता तिथे मोटारी उभ्या होत्या. तरी तिने सायकल शोधली, आणि मग स्वतःशीच हसून वर गेली.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांवर खोकी, त्यांवर मधलीच्या मास्तरणीच्या अक्षरात लिहिलेलं, 'काच', 'आईचं', 'देऊन टाकायचं'. मधोमध टेबल तेवढं रिकामं, आणि टेबलाशी अण्णा वाटाणे सोलत बसलेले.

"आलीस? हात धू. सभागृह भरलंय."

तसं ते भरलंच होतं. मधली स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊन डोकावली. धाकटा एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्याची दोरी आवळत होता, आणि त्याची बायको, म्हणजे अण्णांची सूनबाई, ताटं पुसत होती. तिचं त्यांच्या डोंगरातल्या गावात औषधाचं दुकान होतं.

"ताई, तुझे पोलीस कुठे सोडलेस?" धाकट्याने विचारलं.

"कोपऱ्यावर. तुझ्यापासून मला धोका नाही, असं लिहून दिलंय."

"उद्या सकाळी अकरा वाजता परत विचार."

सगळे हसले. ती पण हसली. उद्या सकाळी प्रश्नोत्तरांचा तास होता आणि यादीतला पहिला प्रश्न तिच्या खात्याला होता. विचारणारा होता हा, खोक्यावर बसलेला.

अण्णा सभागृहाचे प्रतिवेदक. अध्यक्षांच्या पायाशी जे लहानसं टेबल असतं, तिथे बसून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घेतलं. किती सरकारं आली, किती गेली, अण्णांची खुर्ची तीच. मंत्री उत्तर देताना पाणी कधी पितात, चष्मा कधी पुसतात, सगळं त्यांना पाठ. आणि दिवसभर तेच ऐकून माणसाने घरी यावं आणि गप्प बसावं, तर नाही! घरी येऊन रात्रीच्या जेवणाला पुन्हा प्रश्नोत्तरांचा तास. आई कायमची अर्थमंत्री, कारण ते खातं घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. थोरलीकडे आलटूनपालटून बाकीची सगळी खाती. मधली पेल्यावर चमचा वाजवून सगळ्यांना गप्प करायची, म्हणून ती अध्यक्ष. पुढे शाळेत मुख्याध्यापिका झाली तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आणि धाकटा? त्याचं एका उत्तराने कधी भागलंच नाही. "पण का?" आणि "मग तेव्हा?" आणि "मग आधी का नाही?" त्याला नावच पडलं उपप्रश्न, त्याचं झालं उप्या. आज मतदार त्याला उप्याभाऊ म्हणतात आणि त्यांना वाटतं हे त्याचं खरंच नाव.

नियम मोजकेच होते. माहीत नसेल तर 'माहिती घेऊन सांगते' म्हणायची मुभा, पण मग खरंच सांगायचं. 'माहिती संकलित करण्यात येत आहे' म्हणायला बंदी. हे वाक्य अण्णांनी सभागृहात इतक्या वेळा लिहिलं होतं की लघुलिपीत त्यांनी त्याला एकच खूण करून टाकली होती, शून्य आणि त्याला शेपूट. टेबलावर जो ते वाक्य म्हणेल, त्याने सगळ्यांची ताटं घासायची. आणि सगळ्यांत मोठा नियम, टेबलावरचं टेबलावर. इथे खरं बोललेलं कुणी बाहेर वापरायचं नाही, भांडणात उगाळायचं नाही, शाळेत सांगायचं नाही. त्याच नियमाच्या जिवावर या घरात पोरं खरं बोलायला शिकली.

जेवणं सुरू झाली. आईची खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवली होती. थोरलीने ती ओढून टेबलाला लावली. मधलीने त्या खुर्चीपुढे एक पेला ठेवला, आणि मग आपल्या पेल्यावर चमचा वाजवला.

"या घरातला शेवटचा तास. प्रश्न क्रमांक एक, माननीय सदस्य अण्णा."

"मिठाची बाटली कोणत्या खोक्यात गेली याचा सभागृहाला खुलासा व्हावा."

"काच," सूनबाई म्हणाली.

"देऊन टाकायचं," मधली म्हणाली.

"म्हणजे सरकारला माहीत नाही," अण्णा म्हणाले आणि अळणी भाजी मुकाट्याने खाऊ लागले.

मग टेबलाचा प्रश्न निघाला. थोरली म्हणाली, बंगल्यात जेवायची खोली मोठी आहे, इथल्यासारखं सगळ्यांना बसता येईल. धाकटा म्हणाला, बंगला तुझा थोडाच आहे, आज आहे उद्या नाही. मधलीने लगेच त्याची री ओढली. "त्याच्या कचेरीत निदान माणसं येतील गं. तुझ्याकडे फुलदाणी ठेवतील त्याच्यावर." थोरलीला ते लागलं. लहानपणी मधली नेहमी तिच्या बाजूने असायची. आई आजारी पडल्यापासून तिचं पारडं धाकट्याकडे झुकलं होतं, कारण तो दर आठवड्याला येऊन बसायचा आणि थोरलीचा खासगी सचिव फुलं पाठवायचा.

"पुढचा प्रश्न," धाकट्याने हात वर केला. लहानपणी करायचा तसाच, कोपर दुसऱ्या हाताने धरून. "आरोग्यमंत्र्यांना."

"उप्या, ते उद्या," मधली म्हणाली.

"नाही गं, घरचाच. आमच्या गावच्या रुग्णालयात एक खोली तयार आहे. नळ बसवलेत, भिंतींना फरश्या लावल्यात, दारावर पाटीसुद्धा आहे, 'डायलिसिस'. आत मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. यंत्रांसाठी सभागृहाने गेल्या वर्षी पैसे मंजूर केले. यंत्रं का आली नाहीत?"

थोरलीने घास घेतला, चावला, आणि मंत्र्याच्या आवाजात म्हणाली, "अध्यक्ष महोदया, माहिती संकलित करण्यात येत आहे."

एकच हशा! मधलीने चमच्याने पेला असा वाजवला की वाटलं फुटतो. अण्णांनी टेबलावर बोटाने शून्य काढलं आणि त्याला शेपूट लावलं. "ताटं! ताटं!" धाकटा ओरडत होता. क्षणभर ते सगळे आपापल्या वयांतून खाली उतरून आले, आणि थोरलीला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

सूनबाई तेवढी हसली नव्हती.

"आमच्या गावात एक फोटोग्राफर आहेत," ती म्हणाली. "आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. आठवड्यात तीनदा पहाटेच्या बसने शहरात जातात, यंत्रावर बसतात आणि संध्याकाळी परत येतात. स्टुडिओ बंद केला. परवा दुकानात आले आणि म्हणाले, तुमच्या नणंदबाई मंत्री आहेत ना, त्यांना विचारा हो. म्हणून मी विचारतेय. गंमत म्हणून नाही."

धाकट्याने पुन्हा हात वर केला.

"उपप्रश्न आहे, ताई," धाकटा हळूच म्हणाला. "पैसे गेले कुठे?"

थोरलीने आईच्या खुर्चीकडे पाहिलं. तिला एकदम सहलीचं वर्ष आठवलं. शाळेची सहल समुद्रावर जाणार होती, सगळा वर्ग जाणार होता आणि हे तिघं नव्हते. टेबलावर उप्याने अर्थमंत्र्यांना विचारलं, का? अण्णा काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "पैसे होते. ते मी मामाच्या औषधाला दिले. तुम्हाला विचारलं नाही, ते माझं चुकलं." एवढंच. रडली नाही, समजूत घातली नाही, पुढचा घास घेतला. पोरं रागवायची ती रागवलीच, पण त्या दिवसापासून आई जे सांगेल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची.

"राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयाला गेले," थोरली म्हणाली. "दर्शनी भागाला दगड लावायला. मुख्यमंत्री साहेबांनी उद्घाटनाची तारीख जाहीर करून टाकली होती, आणि समोरची भिंत उघडीच होती. सचिव फाइल घेऊन आले. म्हणाले, लहान गावांची यंत्रं पुढच्या वर्षी घेऊ. मी सही केली."

"तू?" धाकट्याचा हात ताटातच राहिला. "मला वाटलं अर्थखात्याने अडवलं. मी उद्या त्यांनाच धरणार होतो."

"नाही. मी."

"आणि उद्या सभागृहात काय सांगणार आहेस?"

"छापील उत्तर गेलंय." तिने अण्णांच्या बोटाकडे पाहिलं. "शून्याला शेपूट."

धाकटा उठला. "म्हणजे तू माझं तोंड बंद केलंस. मी उद्या उभा राहून हेच विचारणार, कुणी वळवले? विचारता विचारता कधीतरी तुझ्यापर्यंत आलोच असतो. आता मला माहीत आहे, आणि मला ते विचारता येत नाही. टेबलावरचं टेबलावर! काय डोकं आहे गं ताई तुझं!"

"उप्या, मी तसं नाही..."

"मुद्दाम सांगितलंस!"

"शप्पथ, नाही!"

पण शप्पथ म्हणताना तिचा आवाज चाचरला आणि तो सगळ्यांनी ऐकला. तिचं तिलाच कळेना. आईच्या खुर्चीकडे बघून खरं बोलावंसं वाटलं, हे खरं. आणि सांगून टाकलं की हा उद्या बोलू शकणार नाही, हा विचार मनात कुठेतरी आलाच नव्हता, असं छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

"अहो, पण हा काय नियम झाला?" सूनबाई भडकली. "इथे माणसं मरताहेत आणि तुम्ही पोरखेळ धरून बसलात! उद्या उठून सरळ विचारा."

"नाही विचारता येणार त्याला," मधली म्हणाली. आणि गंमत बघा, मघाशी धाकट्याच्या बाजूची मधली आता कुणाच्याच बाजूची नव्हती. ती नियमाच्या बाजूची होती. "वयात येताना आम्ही या टेबलावर काय काय बोललोय, तुला माहीत नाही. त्यातलं एक अक्षरही या दोघांनी बाहेर नेलं नाही. आज एकदा नेलं, तर मग कशालाच अर्थ नाही."

"अण्णा, तुम्ही सांगा," सूनबाई म्हणाली.

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वाटी पुसून खाल्ली, चमचा ठेवला. "मी कधी निर्णय दिलेत का गं सूनबाई? माझं काम लिहून घ्यायचं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या मला गॅलरीचा पास हवा होता. दोघांपैकी कुणीतरी द्या. निवृत्त झाल्यापासून गेलो नाही."

धाकटा जेवण अर्धवट टाकून गेला. सूनबाई त्याच्या मागे. थोरलीला खासगी सचिवाचा फोन आला, साहेबांकडे बैठक होती, ती पण पदर सावरत निघाली. दाराशी तिने ऐकलं, मधली ताटं उचलत होती आणि अण्णा म्हणत होते, "राहू दे. ते तिचं काम आहे."

सोमवारी सभागृह तुडुंब होतं. भाऊ प्रश्न विचारणार आणि बहीण उत्तर देणार म्हटल्यावर पत्रकारांची गॅलरी न भरली तरच नवल. थोरलीने वर पाहिलं. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत अण्णा, शेजारी मधली. गॅलरीत कागद-पेन्सिल न्यायला मनाई असते. अण्णांचे रिकामे हात कठड्यावर होते.

त्यांच्या जुन्या टेबलाशी आता एक मुलगी कानाला यंत्र लावून बसली होती.

"प्रश्न क्रमांक एक."

थोरली उभी राहिली. समोर जाडजूड फाइल, तिच्यात सचिवांनी सगळ्या बाजूंनी बांधून दिलेली उत्तरं. त्याने हे विचारलं तर हे, ते विचारलं तर ते. "अध्यक्ष महोदय, उत्तर पटलावर ठेवलं आहे. माहिती संकलित करण्यात येत आहे."

वर अण्णांचं बोट कठड्यावर गोल फिरलं आणि खाली शेपूट ओढून थांबलं. एवढ्या लांबून दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं.

"माननीय सदस्य, उपप्रश्न."

धाकटा उठला. त्याच्या बाकांवरची माणसं सरसावून बसली. त्यांनी त्याला तासन्‌तास मंत्र्यांना घाम फोडताना पाहिलं होतं. त्याच्या हातात कागद होता. त्याने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. रात्रभर झोपला नसावा. आईच्या आजारपणात दिसायचा तसा दिसत होता. तिला वाटलं, विचार रे, आडवळणाने का होईना विचार, मी रागावणार नाही. त्याने कागदाची घडी घातली.

"अध्यक्ष महोदय, माझा उपप्रश्न नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग त्याच्याच बाकांवरून हसू फुटलं. "बहिणीला घाबरला!" कुणीतरी ओरडलं. "घरी जेवायला बोलावलं होतं वाटतं काल!" सरकारी बाकं टेबलं बडवायला लागली. तो मान खाली घालून बसला. ज्याचं नावच उपप्रश्न, तो भर सभागृहात उपप्रश्न नाही म्हणून बसला, एका डुगडुगत्या जेवणाच्या टेबलाचा शब्द राखायला. आणि लोक त्याला हसत होते आणि तो हसू देत होता.

थोरलीच्या शेजारचे मंत्री तिच्या हातावर थोपटत पुटपुटले, "सुटलात बाई."

"प्रश्न क्रमांक दोन," अध्यक्ष म्हणाले.

ती बसलीच नव्हती, हे तिच्याही उशिरा लक्षात आलं.

"अध्यक्ष महोदय, मला पहिल्या उत्तरात दुरुस्ती करायची आहे."

"मंत्रीमहोदया, उपप्रश्न आलेला नाही. तुम्ही बसू शकता."

"माहीत आहे. तरीही परवानगी असावी."

सचिवांच्या कक्षातून चिठ्ठी निघाल्याचं तिला दिसलं. ती येईपर्यंत वेळ होता. तिने फाइल मिटली.

"पैसे होते," ती म्हणाली. "ते मी राजधानीतल्या रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीला दिले. लहान गावांतल्या रोग्यांची यंत्रं त्यामुळे आली नाहीत. सही माझी आहे, माझ्या अधिकाऱ्यांची नाही. सभागृहाने पैसे यंत्रांसाठी दिले होते. मी सभागृहाला विचारलं नाही, ते माझं चुकलं. ही माहिती माझ्याकडे पहिल्यापासून होती. संकलित करण्यासारखं त्यात काही नव्हतं."

बडवणारी बाकं गप्प झाली. धाकट्याने मान वर केली. त्याचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा झाला होता, सहल गेली ते कळलेल्या आणि तरी आईच्या मांडीवर येऊन बसलेल्या. आणि मग गलका उसळला, राजीनामा, राजीनामा! त्या गलक्यात तिने वर पाहिलं. मधली पदराने डोळे पुसत होती. अण्णांची बोटं कठड्यावर भरभर चालली होती, मघाची एक खूण नव्हे, अख्खी ओळ, मग दुसरी. शब्द न्‌ शब्द उतरवून घेत होते. हातात काही नसताना.

संध्याकाळी ती गल्लीच्या कोपऱ्यावर आली ती रिक्षाने. साहेबांनी राजीनामा अर्धं वाक्यही न वाचता ठेवून घेतला होता, आणि दोन वाक्यं जास्तीची ऐकवली होती. यंत्रांचे पैसे याच अधिवेशनात पुन्हा द्यावे लागणार, एवढं मात्र आता कुणाच्या बापालाही टाळता येणार नव्हतं. जिन्याच्या खिडकीशी ती थबकली आणि मग उगाचच पाय ओढत वर गेली. अण्णा काय म्हणतील याची तिला आजही भीती वाटत होती, आणि या वयात ती वाटते याची लाजही.

दार उघडंच होतं. अण्णा खोक्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पेला खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडे मान केली.

"कालची तशीच आहेत."

खरंच तशीच होती. सगळी ताटं, वाट्या, भाजीचं पातेलं, सगळं वाळून कडकडीत. तिला हसू आलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली, हमसून हमसून, आई गेली तेव्हाही अशी रडली नव्हती. अण्णा तिथूनच म्हणाले, "काल ते वाक्य एकदा म्हणालीस, आज पुन्हा सभागृहात म्हणालीस. चहाचे पेले पण तुझेच."

तिने नळ सोडला, पदर खोचला. दुसरं ताट घासून होतंय तोवर शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि धुतलेलं ताट तिच्या हातातून घेऊन फडक्याने पुसू लागलं. जिन्यावर पाय वाजले ते तिला ऐकूच आले नव्हते.

दोघांनी मिळून निम्मी ताटं संपवली.

"टेबल तू ने," धाकटा म्हणाला.

"कुठे नेऊ? बंगला सोडायचाय मला. तूच ने तुझ्या कचेरीत."

"तू येशील का तिथे?"

"जेवायला घालशील तर."

तो ताट पुसत राहिला. केव्हाच कोरडं झालेलं तेच ताट. मग त्याने एक हात वर केला, कोपर दुसऱ्या हाताने धरून, फडक्यासकट.

"उपप्रश्न आहे, ताई."

तिने नळ बंद केला. "विचार."

"काल ते मला मुद्दाम सांगितलंस का?"

बाहेरच्या खोलीत अण्णांचा चहा पिण्याचा आवाज थांबला. थोरलीने ओले हात पदराला पुसले. उत्तर तिने दिवसभर शोधलं होतं, गाडीत, साहेबांच्या खोलीबाहेर, रिक्षात.

"अर्धं," ती म्हणाली. "अर्धं मुद्दाम, उप्या. अर्धं खरं बोलायचं म्हणून."

त्याने मान हलवली. रागावला का, हे त्याच्या तोंडावरून कळेना. त्याने पुसलेलं ताट खोक्यात ठेवलं, आणि पुढचं घ्यायला हात पुढे केला.

"उपप्रश्न नाही," तो म्हणाला.